मंगळवारच्या आधीचं मत

पार्किंग लॉटमधली बेल वाजली तेव्हा आमचा प्रिंटर रुसला होता आणि लाइन दाराबाहेर गेली होती. मी वैतागूनच बाहेर पडले. ज्यांना गाडीतून उतरता येत नाही त्यांना आम्ही गाडीतच मतपत्रिका नेऊन देतो. त्याला कर्बसाइड म्हणतात. दोघांनी मिळून जायचं असा नियम आहे, म्हणून माझी सहकारी शेरिल बरोबर होती. आमच्या कामात एकट्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मी मॉरिसव्हिलला राहते. इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करून रिटायर झाले. दुसऱ्यांच्या चुका काढायची खोड जाईना, म्हणून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, इलेक्शन ऑफिसात लागले. आता निवडणूक आली की एका अर्ली व्होटिंग सेंटरची मी मॅनेजर असते. निवडणूक मंगळवारी असते, पण आमच्या नॉर्थ कॅरोलायनात त्याआधीच येऊन मत देता येतं. ते अर्ली व्होटिंग.

गाडीत साठे काका आणि काकू होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपासूनची ओळख. काकू ऐंशीच्या घरात, पण गाडी स्वतः ड्राइव्ह करत आल्या होत्या. त्यांचं स्वतःचं मत आधीच देऊन झालं होतं. काका पाणीपुरवठ्यातले इंजिनियर. सगळा जन्म इथे गेला, तरी ते ग्रीन कार्डवरच राहिले. मुलं सिटिझन झाली, काकू झाल्या, ह्यांचा भारताचा पासपोर्ट काही सुटेना. शेवटी आदल्या वर्षी शपथ घेतली. "टॅक्स भरतो, नुसता बघत बसतो, आता एकदा तरी मत देणार," असं मंडळात सगळ्यांना सांगत होते. आणि उन्हाळ्यात स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख होतं.

शेरिलने काकांचं आयडी बघितलं आणि नाव-पत्ता विचारला. आयडी असलं तरी नाव आणि पत्ता तोंडाने सांगावा लागतो. मतदाराला बोलता येत नसेल तर घरच्या माणसाने सांगितलेलं चालतं. काकूंनी पत्ता झिपकोडसकट धडाधड सांगितला. नावापाशी अडल्या. शेरिलला वाटलं, म्हातारी विसरली. तिने पुन्हा सावकाश विचारलं. काकू काकांकडे बघत राहिल्या.

"काकू, सांगा ना, मागे गाड्या लागल्यात," मी म्हटलं.

"असं कधी घेतलं नाही गं मी," त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टरकडे म्हणे त्या सरळ कार्ड पुढे करायच्या. फोनवर कुणी विचारलं तर फोन ह्यांच्या हातात द्यायच्या. एवढी वर्षं अमेरिकेत निभावलं होतं.

खरं सांगते, माझं डोकं फिरलं होतं. पण काका पण बघत होते, अर्ध्या चेहऱ्याने, आणि त्यांना गंमत वाटत होती. म्हणून मी म्हटलं, मग उखाणा घ्या. शेरिलला सांगितलं, थांब जरा, आमच्याकडे नाव असं यमकात बांधून येतं. काकूंनी पदर नव्हता तरी खांद्याशी हात नेला, आणि म्हणाल्या,

"गाडीत बसून मत द्यायची इथली न्यारी रीत,
माधवरावांचं नाव घेते, होऊ दे त्यांची जीत."

"काकू, काका उभे नाहीयेत निवडणुकीला," मी म्हटलं. काका हसले. हसताना घशातून एक आवाज यायचा त्यांच्या, तो आला. साठे हे आडनाव काकूंनी मागून जोडलं. ते सांगायला त्यांची हरकत नव्हती, ते त्यांचंही होतं.

मतपत्रिका लांबलचक होती. एकाच कागदावर देश आणि राज्य दोन्ही. वर राष्ट्राध्यक्ष, मग काँग्रेस, गव्हर्नर, राज्याचं विधिमंडळ, जज, आणि शेवटी शेवटी सॉइल अँड वॉटर बोर्ड. नावापुढचा छोटा गोल पेनाने भरायचा. काकू मदत करायला गेल्या तर काकांनी डाव्या हाताने त्यांचा हात बाजूला सारला. सगळे गोल त्यांनी स्वतः भरले. आम्ही मतपत्रिकेकडे न बघता उभ्या होतो. बहुतेक लोक वरचे दोन-तीन गोल भरून मोकळे होतात. काका शेवटपर्यंत गेले. पाण्याच्या माणसाने वॉटर बोर्ड सोडलं असतं तर नवल.

मंगळवार यायच्या आधी काका गेले. झोपेतच. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला.

फ्यूनरल होममध्ये काकू येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "एक काम मात्र पुरं करून गेले हो. मत देऊन गेले." मलाही सांगितलं. माझा हात हातात घेऊन सांगितलं. मी मान हलवली. पण मला नियम माहीत होता. आमच्या राज्यात अर्ली मत दिलेला माणूस निवडणुकीच्या दिवशी जिवंत असावा लागतो. नसला तर त्याच्या मताला हरकत घेतली जाते, सुनावणी होते आणि मत काढून टाकतात. मतपत्रिकेवर नंबर असतो, त्यावरून ती नेमकी सापडते. शेजारच्या राज्यांत वेगळे नियम आहेत. साठे काका राहायला इथे होते.

ऑफिसात आमचे डायरेक्टर डेनिस म्हणून होते, सरळ माणूस. मी म्हटलं, राहू द्या ना एक मत. ते म्हणाले, "कुठलं राहू द्यायचं आणि कुठलं नाही, हे मी ठरवायला लागलो तर तू तरी माझ्याबरोबर काम करशील का?" करणार नव्हते मी. मृत्यूची नोंद तशीही सरकारकडून आमच्याकडे येतेच.

सुनावणीची नोटीस मतदाराच्या घरी जाते, मतदाराच्याच नावाने. ती काकूंनी एकटीने उघडू नये म्हणून मी आधी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा टाकला होता. ऐकून त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे मंगळवारपर्यंत थांबायला हवे होते का ते?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

यायची सक्ती नव्हती, तरी काकू सुनावणीला आल्या. कुणी तरी त्यांच्या बाजूने असावं, म्हणाल्या. असली सुनावणी काउंटीचं इलेक्शन बोर्ड घेतं, त्यावर दोन्ही पक्षांची माणसं असतात. सगळे फार अदबीने वागले. चेअरमनबाईंनी विचारलं, रेकॉर्डसाठी मतदाराचं पूर्ण नाव सांगाल का? मी पुढे झाले. मला माहीत होतं ना, त्या घेणार नाहीत. काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"माधव गोविंद साठे," त्या म्हणाल्या.

उखाणा नाही. 'राव'सुद्धा नाही. कुणी काही वाचून दाखवावं तसं, स्पष्ट. मला रडू आवरेना, आणि मी तर तिथे ऑफिसची माणूस म्हणून उभी होते.

बोर्डाने एकमताने मत रद्द केलं. त्या वर्षी दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. घरी जाताना काकूंनी एकच विचारलं, माझं मत राहिलंय ना? राहिलंय, म्हटलं.

आता मी कर्बसाइडच्या नव्या लोकांना ट्रेनिंग देते. दोघांनी जा, आयडी बघा, मतपत्रिकेत डोकावू नका, हे सगळं सांगते. आणि शेवटी सांगते की एखादी बाई नवऱ्याचं नाव सांगताना अडली तर तिला घाई करू नका. मागच्या गाड्या थांबतील.