त्या एका घरचं पाणी

ती मतमोजणी आजही आठवते आणि आठवली की डोकं सणकतं. नोकरीत मी दरोडे पाहिले, घाटात टाकलेली प्रेतं पाहिली, पण भरदिवसा, माइकवरून, सरकारी शिक्का मारून केलेली चोरी तेवढी एकच पाहिली. वर आणखी संताप याचा, की फिर्याद चोरानंच दिली होती.

मी तेव्हा मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवार आला की आमचं निम्मं ठाणं लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाड्यांची कोंडी सोडवण्यात खपायचं. हद्दीत डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं थेट सरपंचपदाची निवडणूक होती आणि जागा महिलांसाठी राखीव होती. एकीकडं बुद्धविहाराशेजारी राहणारी, बंगल्यांवर साफसफाई करून घर चालवणारी बाई. दुसरीकडं एका रिसॉर्टमालकाची बायको. भांडण पाण्याचं होतं. गावाच्या नळयोजनेची लाइन वाटेत फोडून रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाला जोडली होती आणि खालच्या वस्तीतल्या बायका नदीवरून हंडे वाहत होत्या. बाईनं प्रचारात एकच सांगितलं होतं की निवडून आले तर ती जोडणी तोडीन.

मोजणीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं बाई विजयी झाल्याचं माइकवरून जाहीर केलं. बाहेर गुलाल उडाला. तो अंगावरून झटकायच्या आत साहेब पुन्हा उभे राहिले. म्हणे एका मशीनचे आकडे नजरचुकीनं उलटे लिहिले गेले, हिचे तिला आणि तिचे हिला, दुरुस्ती केल्यावर रिसॉर्टमालकाची बायको निवडून आली आहे. बाई म्हणाली, मशीन पुन्हा लावून दाखवा. साहेबांनी नकार दिला आणि तिथल्या तिथं प्रमाणपत्र देऊन टाकलं. बाई दारात आडवी उभी राहिली. संध्याकाळी साहेबांनी तिच्याविरुद्ध माझ्या ठाण्यात फिर्याद दिली. सरकारी कामात अडथळा आणि धक्काबुक्की.

फिर्यादीच्या पाठोपाठ फोन सुरू झाले. बाईला ताबडतोब अटक करा, गावात तणाव आहे. कसला डोंबलाचा तणाव! गावात चूल पेटली होती, गाई धारेला लागल्या होत्या. मला डाव कळत होता. निकालाविरुद्ध वडगावच्या कोर्टात अर्ज करायला कायदा थोडेच दिवस देतो. ते दिवस बाईनं कोठडीत काढले की संपलं, मग ते प्रमाणपत्र खोटं असो की खरं, पाच वर्षं कुणी हलवू शकत नाही.

मी बाईला ठाण्यात बोलावलं. आली ती हातात भावाचा हात धरून, पण आवाज ठणठणीत होता.

“साहेब, मी त्यास्नी हात लावला न्हाई. मशीन दावा म्हनले, येवढंच. आत टाकायचं आसंल तर टाका, पन आदी कोर्टात अर्ज देऊन येऊ द्या.”

अटक करायची की नोटीस देऊन सोडायचं हे ठरवायचा अधिकार तपासी अधिकाऱ्याला असतो. तो असतो हे बरेच अधिकारी फोन वाजला की विसरतात. मी नोटीस दिली आणि जबाब नोंदवायला बसलो.

पण नोटीस किती दिवस पुरणार? मतमोजणीच्या खोलीतले कर्मचारी एकजात “आमच्या लक्षात नाही” म्हणत होते. तेवढ्यात गावचे पोलीस पाटील आले. पांढरी टोपी, सरळ मनाचा म्हातारा. ते आले होते साहेबांच्या बाजूनं बोलायला.

“साहेब, त्यो मानूस लय सरळ. केंद्राच्या पाहनीला आलं तवा म्या संगं व्हतो. माज्याकडं च्या घेतला, त्या बाईकडं बसून च्या घेतला. पन रिसॉर्टवाल्यांनी पान्याचा तांब्या पुढं केला तर शिवलं बी न्हाईत. अंगनातच हुभं ऱ्हायलं.”

मी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. पाटलांना वाटलं मी दमलो. निःपक्षपाती माणूस एक तर सगळ्यांकडं घेतो, नाही तर कुणाकडंच घेत नाही. एकाच दारात तोंड कोरडं ठेवणारा माणूस मी दुसरीकडंही पाहिला होता. आरशात! माझी थोरली लेक तळेगावात दिली आहे. तिला मूल होईपर्यंत मी त्या घरी कधी घोटभर पाणी घेतलं नाही. लेक दिली त्या घरचं, नातवंड होईपर्यंत बापानं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. जुन्या वळणाचे लोक अजून पाळतात.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पुरवणी जबाबाला बोलावलं. पाणी मागवलं, ते प्यायले. चहा मागवला, तोही घेतला. मशीनबद्दल विचारलं तर नियमांची कलमं घडाघडा म्हणाले, शाळेत पाढे म्हणतात तशी. मी ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, “साहेब, मुलगी कुठं दिलीत?”

कप बशीत जायला जरा वेळ लागला. म्हणाले, “लग्न व्हायचंय अजून.”

“मांडव व्हायचाय. लग्नाचं विचारतोय मी.”

हा माझा अंदाज होता; लग्न झाल्याशिवाय पाण्याची ती रीत लागू होत नाही. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. रिसॉर्टवाल्याचा मुलगा आणि यांची मुलगी एकाच कंपनीत कामाला. रजिस्टर लग्न उरकलं होतं, आणि गावभर बोभाटा नको म्हणून मांडव निवडणुकीनंतर ठेवला होता. उमेदवार आपली विहीण आहे हे वरिष्ठांना कळवून बाजूला व्हायचं सोडून या माणसानं ‘माझं कुणाशी नातं नाही’ असं लेखी दिलं होतं.

मी विचारलं, “नातं लपवलंत, निकाल फिरवलात. मग पाणी का नाही घेतलं?”

तो माणूस माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला की जणू मीच काही अचकट-विचकट विचारलं. “लेकीच्या घरचं पाणी कसं घेणार साहेब? पाप लागतं.”

एवढ्या वर्षांत मी कुठल्या आरोपीवर चिडलो नसेन तेवढा त्या वाक्यावर चिडलो. गावानं दिलेली मतं पुसली, एका गरीब बाईवर खोटा गुन्हा घातला, त्याचं पाप नाही. घोटभर पाण्याचं पाप! मी उठून व्हरांड्यात गेलो, कारण तिथं बसलो असतो तर माझा हात राहिला नसता.

बाईचा अर्ज मुदतीत पडला. लग्नाच्या नोंदीची प्रत मी वरिष्ठांना पाठवली आणि तिच्यावरचा गुन्हा खोटा असल्याचा अहवाल दिला. कोर्टानं मशीन उघडायला लावलं. माइकवरून आधी सांगितलेले आकडे बरोबर होते. पण हे सगळं व्हायला किती काळ गेला म्हणता? मुदत संपत आली तेव्हा बाई खुर्चीवर बसली. चार वर्षांहून जास्त काळ ती खुर्ची दुसरीनं वापरली आणि तो काळ तिला कुणी परत देणार नव्हतं. साहेबांची एक वेतनवाढ रोखली. आता ते पेन्शन घेतात, सकाळी फिरायला जातात. हे लिहितानाही माझे दात आवळले जातात.

तपासात माणूस काय खातो यावर नजर ठेवायची, हे आम्हाला शिकवतात. माणूस काय नाकारतो तेही बघायचं, हे मला या प्रकरणानं शिकवलं. आणि स्वच्छ म्हणून नावाजलेला माणूस नक्की कुणासाठी स्वच्छ आहे, हे विचारायची लाज बाळगू नये.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. बाईनं खुर्चीवर बसताच पहिल्या आठवड्यात रिसॉर्टची जोडणी तोडली होती. तिच्या दारातला नळ चालू होता. तिनं त्याच नळाखाली तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

“घ्या साहेब. त्या साहेबांनी तितं ज्याला हात लावला न्हाई ना, ते पानी त्यांच्या व्याह्याचं नव्हतंच. आमचंच व्हतं.”

मी तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा करूनच खाली ठेवला.