कुत्र्याच्या पंजाला लावलेला बिब्बा

आमचं गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात, जंगलाला लागून होतं. लग्न होऊन मी आले त्या वर्षी घरात एक तांबडा कुत्रा होता. सगळे त्याला रानडुकरं हाकलणारा म्हणून ओळखत, पण दिवसभर तो माझ्याच मागे असे. मी कोणाशी फारशी बोलत नव्हते. त्याच्याशी मात्र चुलीजवळ बसून हळूच बोलायची.

मोहफुलांच्या दिवसांत त्याच्या पुढच्या पंजात काटा मोडला. काटा मी काढला, पण जखम पिकली आणि तो तीन पायांवर उड्या मारत चालू लागला. त्याच आठवड्यात बैलाचा खूर फुटला होता. सासऱ्यांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं गरम तेल खुरात सोडलं. बैल बरा झाला. मी दारामागून सगळं नीट पाहिलं होतं. कोणाला विचारावं असं मनात आलं नाही, असं नाही. सासूबाईंना विचारता आलं असतं. पण कुत्र्यासाठी काय विचारायचं, हसतील, असं वाटलं. संध्याकाळी सगळे अंगणात असताना मी त्याला चुलीपाशी घेतलं आणि तसाच बिब्बा तापवून त्याच्या पंजाला लावला. तो कण्हला, पण पाय त्यानं काढून घेतला नाही.

बैल आपला खूर चाटत बसत नाही, कुत्रा जखम चाटतो आणि बिब्ब्याचं तेल तोंडात गेलं की तोंड भाजून निघतं, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि घरधनी पहाटेच मोह वेचायला गेले. सासरे ओसरीवर अंबाडीची दोरी वळत होते. कुत्रा अंगणात आला तेव्हा त्याचे ओठ सुजले होते आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पाण्याच्या कुंड्यात त्यानं तोंड घातलं आणि किंचाळून मागं सरला.

सासरे उठून उभे राहिले. आदल्या उन्हाळ्यात पिसाळलेल्या कोल्ह्यानं चावलेली आमची कालवड त्यांच्या डोळ्यांसमोर मेली होती. माझ्याशी ते कधी सरळ बोलत नसत, मीही त्यांच्यासमोर बोलत नव्हते. त्यांनी घराकडे पाठ करूनच हाक दिली, "घरात कोणी अशीन तं दार लावून घ्या! कुत्रा पिसाळला!"

शेजारचे काका कुंपणावरून वाकले. "काऊन ओरडून राह्यले, भाऊ?"

"पाह्य ना, लाळ कशी गळून राह्यली. पाणी पेत नाई."

"काल तं माह्या घरची भाकर घेऊन पयला. अन् आज पिसाळला?"

"तू मस्करी नोको करू. काठी घेऊन ये."

मी दाराआड उभी होते. माझ्या बोटाला बिब्ब्याचा काळा डाग होता, कडेनं फोड आले होते. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, पण सासऱ्यांची पाठ माझ्याकडे होती. आवाजच काढायला हवा होता. तोंडापर्यंत शब्द आले आणि पदर डोक्यावर आहे की नाही ते मी चाचपत राहिले. कुत्रा पळाला नाही. तो लंगडत दाराकडे, माझ्याकडेच येऊ लागला. घरात शिरतो असं वाटून सासऱ्यांनी काकांनी आणून दिलेली काठी घातली. मागच्या पायावर बसली.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मामाजी, मारू नोका! तो पिसाळला नाई. म्या त्याले बिब्बा लावला. चाटला त्यानं."

दोघंही वळून पाहू लागले. काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या सुनेले तोंड हाये!"

सासऱ्यांनी काठी खाली ठेवली. "कुठी लावला?" त्यांनी मलाच विचारलं. मी बोट दाखवलं, मग कुत्र्याचा पुढचा पंजा.

सासूबाई आल्यावर मला खूप बोलल्या. "जनावर चाटते ना वो! तुले येवढं समजत नाई? इचाराले का पैसे पडत होते?" बोलता बोलताच त्यांनी तिळाचं तेल आणलं, पंजा पुसून त्यावर चिंधी बांधली, त्याच्या ओठांनाही तेल लावलं. गार पेज मी बोटानं त्याच्या जिभेवर सोडत राहिले. तो गिळत होता आणि मधूनच माझ्या हाताला सुजलेलं तोंड लावत होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

तोंड बरं झालं. पंजाही भरून आला. मागचा पाय मात्र तसाच आखडून राहिला, आणि शेतावर रानडुकरांमागं जाणं त्याचं बंद झालं.

सासरे त्या दिवसापासून माझ्याशी सरळ बोलू लागले. पाहुणे आले की ते कौतुकानं सांगत, "कुत्रा आमच्या सुनेनं वाचवला. नाईतं म्या मारूनच टाकला अस्ता." पाहुणे माझ्याकडे पाहत. तेवढ्यात तो मागचा पाय ओढत ओसरीवर येई, आणि मी चहाची भांडी उचलून आत जाई.