खाली पाहणारी बाहुली

आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली आहे : ती बाहुली माझ्या हातून बिघडली. लेक तसे सांगते, तिचे ऐकून जावई तसेच सांगतो, आणि चाळीतले जुने शेजारी तर त्यापायीच मला कामावरून काढले, अशी पुस्ती जोडतात. यातले काहीही मला मान्य नाही. ज्या हाताने ते काम केले, तो हात अजून शाबूत आहे. तेव्हा हकिगतही त्यानेच लिहावी.

संपापूर्वी मी परळच्या एका गिरणीत छपाई खात्यात होतो. संप लांबला तसे लोक कोकणात गावी गेले. मी गेलो नाही. पुढे गिरणीचे गेट उघडले, पण आमचे खाते उघडले नाही. लालबागच्या गणपती कारखान्यांत मी हौसेने मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत असे, तेच आता पोटाचे साधन झाले. मात्र गणपती गेले, की आखणारा रिकामा. अशाच एका रिकाम्या दिवाळीनंतर नायगावच्या गाळ्यात बाहुल्या करणाऱ्या एका शेठने मला बोलावून घेतले.

त्या काळी रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागे. त्यातली नटवी नायिका मुलींच्या फार लाडकी. शेठला तिची बाहुली काढायची होती. त्याने तिची चित्रे माझ्यापुढे मांडली आणि म्हणाला, "मास्तर, अशीच पाहिजे. सेम टू सेम."

ते होणे नाही, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितले होते. माझ्याविरुद्ध बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसते. चित्रात तिची मान पेन्सिलीएवढी होती. त्या मानेवर रबराचे डोके बसवले, तर ते दुसऱ्या दिवशी छातीवर लोंबेल. समोरून तिला नाकच नव्हते आणि बाजूने पाहावे तर टोकदार नाक होते. कपाळावरची बट ती कुठेही वळली, तरी पाहणाऱ्याच्याच बाजूला येई. केसांवरची चकाकी म्हणजे नुसता एक पांढरा पट्टा. इकडे नायलॉनचे केस दोन वेळा विंचरले, की काथ्या. चित्रकाराला दर चित्रात नवे खोटे बोलता येते. बाहुलीला सगळ्या बाजूंनी एकच खरे बोलावे लागते.

म्हणून मान जाड केली, नाकाला उंचवटा दिला. ते साचेवाल्याचे काम होते. माझ्याकडे डोळे आले. अर्धा चेहरा व्यापणारे ते डोळे मी बेताचे केले, आणि बुबुळे ठेवली ती हाताला सवय होती तशी, खालच्या पापणीकडे किंचित उतरती. मूर्ती मखरात उंचावर असते आणि पूजेला बसणारा खाली पाटावर. तिची नजर त्याच्यावर पडली पाहिजे. न पडली, तर आखणारा कच्चा.

शेठने पहिला नमुना उजेडात धरला. "मास्तर, ही लाजते का? टीव्हीत तर कशी बिनधास्त बघते." पुढे त्याने डोळ्यांचे ठसे बनवून घेतले. ठसा मारायला मी बसणार नव्हतो, म्हणून गाळा मी सोडला. मला कोणी काढले नाही.

तो नमुना मी घरी आणला. लेक तेव्हा आठ वर्षांची. रविवारची सकाळ शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात बसून काढणारी ती मुलगी. वाटले होते, उडी मारेल. तिने बाहुली उलटसुलट केली आणि म्हणाली, "बाबा, ही ती नाहीये."

बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "अहो, गौर केलीत तुम्ही तिची. आता ओटी भरू का?"

दोघी हसल्या. मी हसलो नाही. बाहुली कपाटावर गेली आणि तिथेच राहिली. पुढे लेक लग्न होऊन परदेशी गेली, बायको वारली. बाहुली आणि मी उरलो.

लेक रविवारी व्हिडिओ कॉल करते. मागे एकदा ती तिच्या मुलीला माझ्यासमोरच सांगत होती, "आजोबांनी मला एक बाहुली आणली होती. ती माझ्याकडे कधी बघायचीच नाही." आणि मग सहज, हसतच : "आजोबाही नाही बघायचे. संपानंतर बरीच वर्षं."

मला ते फार लागले. बाहुलीचे सोडा, ही दुसरी गोष्ट तरी खोटी ठरली पाहिजे, असे वाटले. पण तोंडून आले ते बाहुलीचेच : "ती बघायची. तू कधी तिला वर ठेवून समोर खाली बसलीच नाहीस."

"बाबा, बाहुलीसमोर कोण बसतं? तिला हातात धरतात."

मग ती पोळ्या लाटायला गेली, आणि कॉल संपला.

मी स्टूल घेऊन कपाटावरून बाहुली काढली, पुसली, आणि लहान मूल धरते तशी पोटाशी धरली. तिची नजर माझ्या गुडघ्यांवरून घसरून फरशीवर गेली. पुन्हा कपाटावर ठेवली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. तेव्हा ती सरळ माझ्याकडे पाहू लागली. आखणी बिनचूक होती. आठ वर्षांच्या मुलीच्या हातासाठी मात्र नव्हती. एवढे मी कबूल करतो. इतकी वर्षे त्या नजरेसमोर बसायला कोणी नव्हते, मीसुद्धा नव्हतो, हेही त्यात आले.

राहिले लेकीचे दुसरे म्हणणे. त्या वर्षांतली तिची शाळेची वेणी मला आठवते, चप्पल आठवते. चेहरा आठवायला गेलो, की लग्नातला येतो.

पुढच्या रविवारी मी फोन टेबलावर उभा करून बसलो. ती दिसली, थकलेली. डाव्या भुवईवर एक बारीक व्रण, तो कधीचा कोण जाणे. मी तो पाहत होतो.

"बाबा, खाली काय बघताय? माझ्याकडे बघा ना."

"तुझ्याकडेच बघतोय."

"तसं नाही. वर कॅमेऱ्याचा तो काळा ठिपका आहे ना, त्यात बघा. मग मला कळतं."

मी त्या ठिपक्यात पाहिले. "आता कसं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज निवळला. मला ती दिसत नव्हती. ती बोलत होती तोवर मी मान हलवली नाही.