दार उघडं ठेवायचं

“दार लावायचं नाही. बायका बाटलीत नळाचं पाणी मिसळतात. तू बारावी शिकलेली, तू समोर उभी राहून बघायचं.”

भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हे मान वर करून सांगितलं. तोंडात गुटखा होता. मान खाली केली असती तर शर्टावर सांडला असता. नशेवर भाषण द्यायला माणूस अगदी योग्य होता.

रावेरजवळ त्यांच्या शेडमध्ये आम्ही बायका केळी धुवायचो. आदल्या दिवशी त्यांचा भाचा नशेच्या गोळ्या खाऊन ट्रॅक्टर चालवत आला आणि थेट केळी धुवायच्या हौदावर घातला. हौद फुटला. आम्ही जेवायला बसलो होतो म्हणून वाचलो. मग लघवी तपासायची कोणाची? आमची.

“तो घरचा आहे,” भाऊ म्हणाले.

नशा करणाऱ्याला पकडा की. पकडायलाच हवं, मरता मरता आम्हीच वाचलो होतो. पण ट्रॅक्टर भाच्यानं ठोकायचा आणि नशा केळी धुणाऱ्या बायकांच्या लघवीत शोधायची, ही अक्कल मालकालाच असते.

पहिला नंबर अक्काचा. दोंडाईच्याकडची, माझ्या आईपेक्षा मोठी. मला हे काम तिनंच शिकवलं. बाटली पदराखाली लपवून ती संडासात गेली आणि नुसतीच उभी राहिली.

“पोरी, माले लाज वाटस. तू तरी दखू नको.”

तू तरी. बाकीचे बघणारच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

भाऊ ओरडले, “दार उघड. नाहीतर उद्यापासून येऊ नको.”

“नाही येणार. आधी भाच्याची बाटली भरा. दार उघडं ठेवून. बघायला मी येते.”

त्यांनी गुटखा गिळला.

अक्काला काम हवं होतं. दाराआड तिनं बाटली भरली. मी ती नेऊन भाऊंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. शेजारी माझी. रिकामी.

आता दुसऱ्या शेडमध्ये जाते. तिथंही चाचणीचं बोलणं सुरू झालंय. मी तोंडावर सांगून ठेवलंय. करा चाचणी. रांगेत पहिला मालक, मग त्याचं गणगोत, मग आम्ही. आणि कडी आतून लागेल. नाहीतर माझ्याकडून थेंबही मिळणार नाही.