माकूळ धरणारा शेजारी

विदर्भातल्या आमच्या बेला गावात समुद्र पाहिलेली माणसे थोडी. समुद्रावर राबणारा एकच, आणि तो माझ्या समोरच्या घरात राहतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की तो कोकणात ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. शरदात तिथे जाळ्यात माकूळ, म्हणजे स्क्विड, लागते. गावी परतला तरी चहाच्या टपरीवर तो पाय फाकवूनच उभा राहतो, जणू जमीन हलते आहे.

यंदा दिवाळीला तो चारच दिवस आला, तेव्हा त्याची तीन वर्षांची मुलगी त्याला ओळखेना. त्याने हात पुढे केला की ती किंचाळून आईच्या पदराआड जाई.

"काऊन जबरदस्ती करून राह्यले? विसरली ते तुमाले," बायको म्हणाली.

मग तो पायरीवर नुसता बसू लागला. मुलीकडे पाठ, हाताचा तळवा उघडा. मी संकोचतच कारण विचारले.

"भाऊ, जिती माकूळ एकदम धरली का काळी शाई सोडते. तिले हळू, मागून धरा लागते. लेकराले तर तसंबी धराचं नाई. बसाचं."

परतीच्या दिवशी जीप दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हाही तो तसाच बसला होता. मुलगी आपली एक चप्पल घेऊन आली आणि तिने ती त्याच्या तळव्यावर ठेवली. "काका, घालून दे."

"काका नाई वं, बाबा हाय तुहा!" आई हसली.

"राहू दे," तो म्हणाला. चपलेचा पट्टा त्याने फार सावकाश लावला. "जाय, आता दुसरी घेऊन ये."