साखरेचा हत्ती आणि ग्वाल्हेरची मंडळी

हा खेळ नुसता बोलून खेळता येतो, हे मला कुणी सांगायला नको. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, कुणी दरोडेखोर, कुणी वैदू. समोर काय आहे ते मी सांगायचं, आपण काय करणार ते त्यांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. एवढ्याला कागद-पेन्सिल पुरते. इंटरनेटवरचे जाणकार तर म्हणतात की खऱ्या खेळाडूला कल्पनाशक्ती पुरे, वस्तू लागतात त्या लहान मुलांना. म्हणोत बापडे. मी वस्तू मांडत आले आणि मांडणार.

माझा नकाशा रांगोळीचा असायचा. प्लायवूडच्या मोठ्या फळीला काळा रंग देऊन त्यावर मी भुयारं, दालनं, विहिरी रेखायची. जिथवर खेळाडू पोचलेले नाहीत ती दालनं आईच्या पालथ्या वाट्यांखाली झाकलेली. वाटी मीच उचलायची, दुसऱ्या कुणी नाही. भुयाराच्या दाराला खरंखुरं कुलूप, इथल्या, झाशीच्या मानिक चौकातल्या कुलूपवाल्याकडून आणलेलं, आणि सोबत भलत्याच किल्ल्यांचा एक जुडगा. खरी किल्ली सापडेपर्यंत दार उघडणार नाही, फाशावर काहीही पडो. राक्षस साखरेचे. आमच्याकडे दिवाळीत लाह्या-बत्ताशांबरोबर साखरेचे हत्ती-घोडे विकायला येतात, ते मी पिशवीभर आणून लवंगा घातलेल्या डब्यात जपायची, मुंग्या लागू नयेत म्हणून. ज्यानं राक्षस मारला त्यानं तो खायचा. किल्ल्या चाचपताना धडधाकट माणसांचे हात घामेजलेले मी पाहिलेत. नुसत्या शब्दांनी तेवढा घाम फुटत नाही.

खेळायला तिघं यायची. ऑफिसातला एक सहकारी, जो हिंदीतूनच मारायचा आणि हिंदीतूनच मरायचा. माझी चुलत बहीण, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं. आणि जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून येणारी एका फौजी अधिकाऱ्याची बायको, साताऱ्याकडची. ती दरोडेखोरीण व्हायची. दर बदलीला मांडलेला संसार मोडायची सवय असलेली ही बाई आमच्या टेबलाशी मात्र अशी बसायची, की उठवणाऱ्याची छाती होऊ नये.

मग तिच्या नवऱ्याची बदली आलीच, पार आसामकडे. सामानाचा ट्रक मंगळवारी निघणार होता, म्हणजे त्या रविवारचा डाव तिचा शेवटचा. आम्ही वर्षभर ज्या भुयारात उतरत होतो त्याचं शेवटचं दालन त्या दिवशी उघडायचं होतं. तिथल्या वाटीखाली मी डब्यातला शेवटचा हत्ती ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी सदर बाजारातल्या मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, हौसेनं लग्नं जुळवायची. आम्हा झाशीच्या जुन्या मराठी घरांना स्थळं येतात ती ग्वाल्हेर-सागरकडून, आणि चौतिसाव्या वर्षी येतात ती सांगून-सवरून येत नाहीत. ग्वाल्हेरची मंडळी उद्याच येणार होती. आई मला म्हणाली, तेवढं टेबल आवर.

मी सांगितलं की बैठकीची खोली एकच, फळी तिरकी केल्याशिवाय आतल्या दारातून जात नाही आणि तिरकी केली की रांगोळी राहत नाही. ती म्हणाली, पुन्हा काढ. मी म्हटलं, साडी नेसेन, पोहे देईन, विचारतील त्याला उत्तरं देईन, पण टेबलाला हात लावणार नाही. लोक काय म्हणतील, हे ओघानं आलंच. काय म्हणायचं ते ग्वाल्हेरला परत जाऊन म्हणतील, असं मी म्हटल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली.

मंडळी ऐन डावात आली, मुलगा आणि त्याचे आईवडील. सहकारी खुर्चीवरून अर्धा उठला. "दीदी, हम लोग निकलें?" मी म्हटलं, "बैठो." दरोडेखोरीण तर उठलीच नव्हती. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

पोहे झाले. आईनं पानसुपारीचं तबक आणून ठेवलं. मुलगा टेबलाशी येऊन वाकून बघायला लागला, हे काय, ते काय विचारायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी त्याला समजावून सांगत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं शेवटची वाटी उचलली.

"अरे, हे तर आमच्याकडेही मिळतात," म्हणाला आणि हत्ती तोंडात टाकला.

दरोडेखोरणीचे हात किल्ल्यांवरच थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याहून जास्त संताप आला. माझा चेहरा बघून तो हसत म्हणाला की खेळणंच तर होतं. त्याची आई समजुतीच्या सुरात म्हणाली, हौस ठीक आहे, पण लग्नानंतर हे सगळं आवरायला लागेल, रविवारी आमच्याकडे नातेवाइकांचा राबता असतो. माझी आई घाईघाईनं म्हणाली, हो, आवरेल ना.

मी तबकातली एक सुपारी उचलली. पोह्यांवरचे खोबऱ्याचे चार कण त्या रिकाम्या दालनात पसरले आणि त्यावर ती ठेवली.

"हा हत्ती," मी म्हटलं. "काकू, सत्यनारायणाला तुम्ही सुपारीचा गणपती मांडता. एकदा मांडला की त्याला खेळणं म्हणता का? उचलून तोंडात टाकता का? मांडलेलं ते मांडलेलं. मी हे आवरणार नाही. लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही."

मुलाचे वडील चपला शोधायला लागले. आई त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आली, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. गणपतीची आणि राक्षसाची सांगड घातलीस, एवढंच बोलून ती आत गेली. तिला लागलं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही, आजही घेत नाही.

डाव पुढे चालू झाला. कुलूप उघडलं, आणि सुपारीनं माझ्या सहकाऱ्याला लोळवून बहिणीलाही जखमी केल्यावर दरोडेखोरणीनं त्या सुपारीचा निकाल लावला. खाणार कशी? तिनं ती पर्समध्ये टाकली आणि माझी परवानगी न विचारता आसामला नेली.

सगळे गेल्यावर मी फळी पुसत होते. आत फोन वाजला. मावशींचा असणार, कारण आई बराच वेळ नुसतं ऐकून घेत होती. मग तिचा आवाज आला.

"हो, तोंडाळ आहे, मला काय नवीन आहे का ते? पण पुढचं स्थळ आणाल ते शनिवारी आणा. रविवारी आमचं टेबल मांडलेलं असतं."