शेंगांची टरफलं
समोरच्या ओट्यावर शोभा आणि तिची सून शेंगा सोलत बसतात. सोलता सोलता शोभा बचत गटात करायच्या भाषणाची तयारी करते. वाक्यावाक्याला "ते आपलं" म्हणायची तिला खोड आहे. ते निघालं, की सून तिच्या अंगावर टरफल फेकते.

"आत्याबाई, निसटलं बघा!"

दोघी खळखळून हसतात. आताशा टरफलं कमी उडतात. रविवारी ती न अडखळता बोलेल आणि बायका तिलाच अध्यक्ष करतील. माझा नुसता जळफळाट होतो. अध्यक्ष मलाही व्हायचंय, पण चारचौघींत माझी जीभच रेटत नाही. खोड मोडायलाही समोर ऐकणारं माणूस लागतं.

काल जेवताना मी ह्यांना म्हटलं, "जरा बोलून दाखवू?"

"बोल की," म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.